औंदापासून गणपती तुझ्याकडे : सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचं एक प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतलं आहे. माणूस पन्नाशीच्या आतला, घरचा कर्ता, लहान यांत्रिक नौकेचा मालक. मासेमारी बंद असलेल्या दिवसांत तो जीव देण्याच्या अगदी जवळ पोचला होता. तो वाचला. कसा वाचला हे नीट लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं, कारण गेलेल्या माणसाची बातमी छापून येते, वाचलेल्याची नोंद कुठेच होत नाही. मी या भागात समुपदेशक म्हणून काम करते. ओळख पटू नये म्हणून गाव, वय, नाती बदलली आहेत आणि दोन-तीन घरांतल्या सारख्या गोष्टी एकाच घरात आणल्या आहेत.

आत्महत्येचा विषय निघाला की महाराष्ट्रात आधी विदर्भ-मराठवाडा आठवतो, आणि ते साहजिक आहे. राज्य सरकारने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये सुरू केलेला प्रेरणा प्रकल्पही तिथल्याच १४ जिल्ह्यांसाठी होता. पण त्यामुळे कोकणात एक समजूत घट्ट बसली आहे की आपल्याकडे तसलं काही नाही, इथला माणूस पेज पिऊन राहील पण कर्जापायी जीव देणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात महाराष्ट्रातले २२,७४६, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. देशभरातल्या त्या आकड्यात पुरुष १,२२,७२४. कारणांच्या रकान्यात सगळ्यांत वर ‘कौटुंबिक समस्या’ आणि त्याखाली ‘आजारपण’. मला हे रकाने वाचताना नेहमी अस्वस्थ वाटतं. या प्रकरणात कर्ज होतं, दारू होती, झोप उडाली होती, आणि सगळ्यांत खोल घाव होता तो बहिणीच्या घराशी नातं तुटल्याचा. याची नोंद करायची वेळ आली असती तर कुठल्या रकान्यात केली असती?

कर्ज आणि जामीन

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. देवगडच्या बंदरात नांगरलेल्या नौकाही त्यातून सुटल्या नाहीत. या माणसाची नौका बुडाली नाही, पण किनाऱ्यावर आपटून तिची एक बाजू फुटली आणि इंजिनात पाणी शिरलं. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली. त्यातून फळ्या बदलून झाल्या, इंजिन राहिलं. बँकेत आधीचं कर्ज होतं, म्हणून नवीन कर्ज तालुक्यातल्या एका पतसंस्थेकडून घेतलं. जामीनदार दोन : शेजारचा एक नौकामालक आणि बहिणीचा नवरा, जो शाळेत शिपाई आहे.

किनाऱ्यावर न राहणाऱ्यांसाठी इथलं वर्षाचं गणित थोडं सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. त्याआधीच वारा फिरतो, म्हणून लहान नौका मेअखेरीलाच वर ओढून झापांनी आणि ताडपत्रीने शाकारतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा सुरुवात करायची तर त्याआधी खलाशांना उचल द्यावी लागते, जाळी दुरुस्त करावी लागतात, डिझेल आणि बर्फाची सोय करावी लागते. म्हणजे कमाई शून्य असते तेव्हाच सगळ्यांत जास्त पैसा हातात लागतो. त्यात परप्रांतीय ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांची मासेमारी. बंदी असूनही रात्री समुद्रात दिवे दिसतात ही मालवण-देवगडच्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. लहान नौकेच्या वाट्याला येणारी मासळी वर्षागणिक कमी होत गेली आणि कर्जाचे हप्ते अडकत गेले.

नोटीस आली ती मेच्या शेवटी. पतसंस्थेच्या नियमाप्रमाणे ती कर्जदाराबरोबर जामीनदारांनाही गेली. शेजाऱ्याने ती खिशात घातली. मेव्हण्याच्या बाबतीत ते जमण्यासारखं नव्हतं, कारण त्याच्या पगारातून कपातीचं पत्र शाळेत जाणार होतं. तो भांडला नाही. फक्त यायचा बंद झाला. बहिणीचे फोन थांबले. तिच्या मुलीचं वाङ्‌निश्चय त्या जूनमध्ये झालं आणि मामाला बोलावणं आलं नाही.

पैशाच्या तंगीपेक्षा हे बोलावणं न येणं मला या प्रकरणातलं मुख्य वळण वाटतं. बँकेचं देणं थकवणारा माणूस बँकेसमोर खाली मान घालतो, पण आपल्या वाडीत ताठ चालू शकतो. जामीन नातलगांतला असला की ते देणं सोयरिकीत शिरतं. मग तोंड चुकवायला जागाच उरत नाही.

घराला काय दिसलं

बायकोला पहिल्यांदा जाणवली ती झोप. पहाटे तीनला उठायचा, खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून राहायचा. बंदीच्या दिवसांत पुरुष घरी असतात आणि थोडी जास्त घेतात हे सगळीकडेच असतं, म्हणून तिने दारूकडे फार लक्ष दिलं नाही. पण जाळं शिवायला तो बसला नाही, हे तिला खटकलं. “ह्यांका झोप नाय, खाणा नाय. नुसते दर्याकडे बघत बसतत,” असं तिने जावेला सांगितलं होतं. एकदा रात्री उशिरा तो जेटीवर एकटाच गेला. शेजाऱ्याने बघितलं आणि हाताला धरून घरी आणून सोडलं. सकाळी घरात ठरलं की वारा घ्यायला गेला होता असंच सांगायचं.

मग देवाकडे विचारून झालं. गुरवाने कौल लावला. काहीतरी बाहेरचं असेल, घराण्याचं राहून गेलेलं असेल, असा घरच्यांचा समज होता. अशा वेळी अनेक शिकलेली माणसं नाक मुरडतात. मी मुरडत नाही. या किनाऱ्यावर घाबरलेलं घर सगळ्यांत आधी देवळाच्या पायरीवर जातं, दवाखान्यात नंतर. तिथे त्यांचं कोणी ऐकून घेत असेल तर ते तोडून काय मिळवायचं? गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून मुजावरांनीच माणसांना शेजारच्या मानसोपचार केंद्रात पाठवायला सुरुवात केली. ‘दवा-दुआ’ म्हणून तो उपक्रम ओळखला जातो. आमच्या गुरवाने त्याबद्दल ऐकलेलं असण्याचं कारण नाही. पण गाऱ्हाणं घालून झाल्यावर तो बायकोला म्हणाला, “देवाक मी सांगलंय. आता डॉक्टराक पण दाखवा.” त्या वाक्याचा पुढे फार उपयोग झाला. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, ही अडचण या घरात आलीच नाही.

जुलैच्या सुरुवातीला त्याने घरातले सगळे कागद काढले. नौकेची नोंदणी, परवाना, मच्छीमार सोसायटीचं पुस्तक, डिझेलच्या पावत्या, विम्याचे हप्ते, पासबुकं. एकेक जुडी करून रबर लावलं, प्रत्येकीवर चिठ्ठी लिहिली आणि सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायकोच्या हातात दिलं. पावसात कागद भिजतात म्हणून नीट ठेव, म्हणाला. तिला बरंच वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माणसाने कागदांना हात लावला होता.

आणि त्याच आठवड्यात त्याने डोंबिवलीच्या धाकट्या भावाला फोन केला : औंदापासून गणपती तुझ्याकडे. भाऊ हरखला. मूळ घरातला गणपती थोरल्याने आपण होऊन धाकट्याला देणं म्हणजे मोठा मान. तिथल्या भावजयीने मखराची चौकशीही सुरू केली. ज्या घरात चार पिढ्या गणपती आला, आणि ज्या थोरल्याने कधी भाड्याला पैसे नसतानाही मुंबईच्या भावंडांना ‘येवचाच लागात’ म्हणून दटावलं, तो अचानक असं का म्हणतोय, हे त्या आनंदात कोणी विचारलं नाही.

पाट

इथे आशाताईंचा, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीचा, प्रवेश होतो, आणि माझ्या मते त्यांनी जे केलं तेच या प्रकरणात निर्णायक ठरलं.

आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, आगाऊ पाट द्यायची पद्धत आहे. घरोघरचे पाट मूर्तिकाराकडे जातात, त्यावर नाव लिहिलेलं असतं आणि त्याच पाटावर मूर्ती तयार होते. आशाताईंचं घर शाळेच्या शेजारी. मूर्तिकार बोलता बोलता म्हणाला की अमक्याचा पाट अजून आला नाही, विचारलं तर म्हणाला, आता आणणार नाही. आशाताईंना नोटिसीचं माहीत होतं, जेटीवरची रात्रही कानावर आली होती. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनीच या माणसाचा तपासणी अर्ज भरला होता. त्या अर्जात शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न असतात : कामात रस वाटेनासा झाला आहे का, उदास किंवा निराश वाटतं का. दोन्हींची उत्तरं ‘नाही’ अशी होती. खळ्यात चार माणसं बसलेली असताना कोण दुसरं उत्तर देईल?

त्या संध्याकाळी बीपी बघायच्या निमित्ताने गेल्या. खळ्यात माणसं होती, म्हणून त्याला मागीलदारी बोलावलं. बीपी बघितलं. मग जे झालं ते त्यांनी मला जसं सांगितलं तसं लिहिते.

“काका, एक विचारू काय? जीव देऊचो विचार मनात येता काय?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुका कोणी सांगल्यान?”

“कोणीच नाय. औंदा तुमचो पाट येवक नाय, म्हणान विचारतंय.”

“रोज येता,” तो म्हणाला. “माझ्यामुळा त्येचो पगार जातलो. मी गेलंय तर सगळा मिटात.”

आशाताईंनी ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. पोराबाळांची आठवण करून दिली नाही. वाडीतल्या कोणाकोणाची संकटं यापेक्षा मोठी होती हेही सांगितलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : आज तसं काही करायचं ठरवलंय का? तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मग त्या म्हणाल्या, “आज राती मी तुमका एकट्याक सोडूचंय नाय. काकीक सांगूया?” त्याने मान हलवली.

हा थेट प्रश्न विचारायला डॉक्टरही कचरतात. विचारलं तर नसलेली कल्पना डोक्यात शिरेल अशी भीती सर्रास असते. संशोधनात असं कुठेही आढळलेलं नाही. उलट माणसाला मोकळं वाटतं, कारण इतके दिवस जे एकट्याने वाहिलं ते दुसऱ्या कोणाला तरी कळलेलं असतं. प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा लागतो. ‘काही वाईट-साईट विचार येत नाहीत ना?’ असं विचारलं की उत्तर आधीच ठरून जातं.

ती रात्र आणि पुढचे दिवस

आशाताईंनी त्यांच्याच फोनवरून १४४१६ लावला. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. स्पीकर लावून पलीकडच्या समुपदेशकाशी आधी आशाताई बोलल्या, मग तो स्वतः, मग बायको. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला.

त्या रात्री तीन गोष्टी केल्या. बायको आणि थोरला मुलगा आळीपाळीने जागे राहिले. घरात आंब्याच्या कलमांवर फवारायची औषधं होती, ती शेजाऱ्याच्या खोलीत कुलपात ठेवली. दारू घरात राहू दिली नाही. यातली मधली गोष्ट लोकांना फार साधी वाटते. जीव द्यायचाच असेल तर माणूस दुसरा मार्ग शोधेल, असं म्हणतात. सहसा तसं होत नाही. टोकाचा क्षण बहुतेकदा थोडा वेळ राहतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर जगणं-मरणं ठरतं. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. शेती तशीच चालू राहिली. आमच्या किनाऱ्यावर हापूसच्या प्रत्येक बागायतदाराच्या पडवीत ही औषधं उघडी पडलेली असतात. कुलूप लावायला किती खर्च येतो?

सकाळी बायकोचा पहिला प्रश्न मला अपेक्षित होता : दवाखान्यात सांगितलं तर पोलीस केस होईल का? ही भीती इतकी खोल आहे की घरं लपवाछपवी करत राहतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चा, तो पुढच्या वर्षी मेअखेरीपासून लागू झाला. त्याचं ११५ वं कलम स्पष्ट सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेवला आहे. इथे तर प्रयत्नही झालेला नव्हता. मी हे त्यांना दोनदा समजावलं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनाही, कारण वाडी माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं, साखर आणि थायरॉईड बघितलं, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान : मध्यम ते तीव्र नैराश्य, सोबत मद्यपान. ‘रत्नागिरीक न्हेतत काय?’ हा प्रश्न मुलाने कुजबुजत विचारला. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे आणि आमच्याकडे मनाच्या दुखण्याचं नाव काढलं की माणसांना तेच आठवतं, अंगावर काटा येतो. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना कुठेही भरती व्हावं लागत नाही, हे घरोघर सांगण्याचं काम अजून बाकी आहे.

गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि ते आठवडे नाजूक असतात. म्हणून महिन्याच्या गोळ्या एकदम न देता आठवड्याच्या दिल्या, त्याही बायकोच्या ताब्यात.

आम्ही एक कागदही तयार केला. आपल्याला ओढ लागायला लागली हे कशावरून ओळखायचं, तेव्हा स्वतः काय करायचं, कोणाकडे जाऊन बसायचं, कोणाला फोन करायचा, हे त्यात क्रमाने लिहून ठेवलं. मानसोपचारात याला सुरक्षा योजना म्हणतात. भाषा त्याचीच ठेवली. पहिल्या ओळीत त्याने लिहिलं : पहाटे तीनला जाग येते आणि ‘मी नको’ असं वाटतं. दुसऱ्यात : खळ्यात बसायचं नाही, चूल पेटवायची आणि चहा करायचा. तिसऱ्यात शेजाऱ्याचं नाव, कारण तो पहाटे उठतोच. चौथ्यात आशाताई, पाचव्यात १४४१६. शेजाऱ्याला विचारूनच त्याचं नाव घातलं. तो म्हणाला, “तीन वाजता इलस तरी दार उघडा असतला.” कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पैशाचं काय केलं

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात हा भाग शिकवत नाहीत, आणि मला ते चुकीचं वाटतं. ज्या माणसाला नोटीस आली आहे त्याला दर आठवड्याला श्वासाचे व्यायाम शिकवून नोटीस जात नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, शेजारचा जामीनदार आणि मी पतसंस्थेत गेलो. माणसाला नेलं नाही. त्या वेळी त्याला तिथे उभं करणं योग्य नव्हतं. त्याचा आजार पतसंस्थेत उघड केला नाही. हप्त्यांची फेररचना मागितली : बंदीच्या महिन्यांत हप्ता नाही, हंगामात जास्त. व्यवस्थापक आधी नियम दाखवत होते. सेक्रेटरींनी त्यांना किनाऱ्यावरच्या इतर कर्जदारांची वही उघडायला सांगितली. जून-जुलैत जवळपास सगळेच थकलेले होते. कर्ज देताना मासेमारीचं कॅलेंडर कोणी बघितलंच नव्हतं. फेररचना मिळाली. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळतं हेही घराला नव्याने कळलं. त्याचा अर्ज केला, त्याला मात्र पुष्कळ हेलपाटे पडले.

मेव्हण्याकडे मी गेले नाही, गुरव गेला. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. चार दिवसांनी बहीण आली, सोबत तांदळाच्या पिठाची बरणी होती. घावनं घातली. पैशाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पगारकपातीचं पत्र फेररचनेमुळे थांबलं होतं आणि ते तिला माहीत होतं.

पाट उशिराने शाळेत गेला. डोंबिवलीच्या भावाला खरं कारण सांगायचं की नाही यावर घरात बराच खल झाला. शेवटी त्याने स्वतःच सांगितलं, फोनवर, दोन वाक्यांत. भाऊ दुसऱ्या दिवशी कोकणकन्येने निघाला.

गणपतीनंतर

इथे प्रकरण संपलं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. गणपतीत घर भरलं, भजनं झाली, चाकरमान्यांनी आणलेली बाटलीही उघडली गेली. ‘आता बरा असा’ म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या. बरं वाटायला लागल्यावरही या गोळ्या काही महिने, साधारण सहा ते नऊ, चालू ठेवाव्या लागतात. हे त्याला सांगितलेलं होतं, पण डोंबिवलीच्या भावजयीने कोणाकडून तरी ऐकलं होतं की सवय लागते. घर रिकामं झालं आणि तिसऱ्या आठवड्यात पहाटेची जाग परत आली. त्या पहाटे त्याने चहा केला नाही, शेजाऱ्याकडेही गेला नाही. पण बायकोला उठवलं. ते पुरेसं होतं. सकाळी आशाताई आल्या, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दारूसाठी वेगळे उपचार त्यानंतर खऱ्या अर्थाने चालू झाले.

अशा घसरणीच्या वेळी कोणीतरी दारात येणार आहे हे माणसाला माहीत असणं, यावर माझा सगळ्यांत जास्त विश्वास आहे. त्याला आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यातलं एक ठिकाण चेन्नई होतं. प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याखेरीज तासाभराचं समजावणं, आणि पुढच्या १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात आत्महत्येने २.२ टक्के माणसं गेली, दुसऱ्यात ०.२ टक्के. त्या नऊ वेळांत कोणी मोठे उपचार करत नव्हतं. कसे आहात, काही मदत हवी आहे का, एवढं विचारत होते. हे काम करायला मनोविकारतज्ज्ञच लागतो असं नाही. लागतो तो वेळ, आणि त्याची नोंद ठेवणारी वही. आशाताईंच्या कामाच्या यादीत अशा भेटींना आज जागा नाही, मोबदलाही नाही. त्या जातात ते आपणहून.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास माणसं उपचाराविना होती. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आमचं चित्र त्याहून चांगलं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणात २०३० पर्यंत आत्महत्या १० टक्क्यांनी कमी करायचं ठरलं आहे, आणि पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून यासाठी बाह्यरुग्ण सेवा उभी करायची आहे. सेवा जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर किनाऱ्यावरच्या घराचा त्यात अख्खा दिवस आणि मजुरी जाते. आमच्या माणसाच्या पहिल्या भेटीला मुलाने सोसायटीकडून गाडीभाडं उसनं घेतलं होतं. पुढच्या भेटी डॉक्टरांनी फोनवर घेतल्या म्हणून तो टिकला.

या प्रकरणाबद्दल मला एक गोष्ट सतत टोचते. या माणसाभोवती बायको, मुलगा, शेजारी, गुरव, मूर्तिकार, सेक्रेटरी आणि आशाताई होत्या. त्याच जेटीवर नेपाळहून आणि परराज्यांतून आलेले खलाशी आहेत. त्यांच्या नावाचा पाट कुठल्याही शाळेत नसतो. बंदीत काहीजण गावी जातात, काही नौकेच्या राखणीला किंवा कलमांच्या बागेत राहतात. त्यांच्यापैकी कोणी पहाटे तीनला जागा असेल तर ते कोणाला कळणार?

म्हणून येत्या मेच्या पहिल्या पंधरवड्यात, नौका वर ओढायच्या आधी, सोसायटीच्या गाळ्यात एक बैठक ठरवली आहे. पतसंस्थेचे व्यवस्थापक, सेक्रेटरी, दोन्ही वाड्यांचे गुरव, गणपतीच्या शाळेचे मूर्तिकार आणि आशाताई येणार आहेत. ज्या घरांत नोटीस जाणार आहे तिथे ती टपालाने जायच्या आधी सोसायटीच्या माणसाने स्वतः जाऊन बोलायचं, आणि जामीनदाराला तोंडी कल्पना द्यायची, एवढं व्यवस्थापकांनी मान्य केलं आहे. बंदीच्या दोन महिन्यांत कोणत्या घरी कोण जाईल याची वही आशाताईंकडे राहील. जेटीवरच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक मराठी, हिंदी आणि नेपाळीत रंगवायचा आहे. नेपाळी मजकूर लिहून द्यायला एक खलाशी तयार झाला आहे, आणि रंगाचे पैसे आमच्या माणसाने देऊ केले आहेत.